वृद्ध आप्तासाठी आश्रमाची निवड

भारताच्या २०११ सालच्या जनगणनेत साठ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींचे प्रमाण शेकडा ८.६ असल्याचे दिसून आले. राज्याराज्यांची तुलना करता केरळात हे प्रमाण सर्वांत अधिक, म्हणजे १२.६, आणि त्याखालोखाल गोव्यात ११.२ होते. आयुर्मान वाढले, बालमृत्यू घटले, आरोग्यसेवा खेडोपाडी पोचली, त्याचे हे फळ असल्याने त्याविषयी समाधान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र या आकड्याची दुसरी बाजूही गावोगावी पाहावयास मिळते. थोरला मुलगा आखातात, धाकटा जहाजावर, मुलगी विवाहानंतर बेळगावास किंवा पुण्यास, आणि चार खोल्यांच्या घरात ऐंशीच्या घरातील आई एकटी, अशी कुटुंबे आता अपवादात्मक राहिलेली नाहीत. शेजारीण सकाळ-संध्याकाळ डोकावून जाते, चतुर्थीला सारे एकत्र येतात, सारे काही ठीक चालले आहे असे वाटत असते. मग एखाद्या पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरतो, मांडीचे हाड मोडते आणि वृद्धाश्रमाचा विषय प्रथमच निघतो. तोही इस्पितळाच्या व्हरांड्यात, मुलाची रजा संपण्यास चार दिवस उरले असताना.

अशा घाईत केलेली निवड बहुधा फसते. ज्या ठिकाणी जागा रिकामी असेल तेच ठिकाण योग्य ठरते, आणि ज्या व्यक्तीचे उर्वरित आयुष्य तेथे जावयाचे तिला विचारण्यास कोणाला सवड राहत नाही. यास्तव ही निवड हातीपायी धड असतानाच, शांतपणे आणि त्या व्यक्तीसह केली पाहिजे.

जुना शब्द आणि जुना समज

'आझिलो' हा शब्द गोव्यातील जुन्या पिढीच्या तोंडी आहे. पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ आश्रयस्थान असा होतो. म्हापशाचे जुने इस्पितळही याच नावाने ओळखले जाई. निराधार स्त्रियांसाठी पोर्तुगीज राजवटीत सतराव्या शतकाच्या प्रारंभापासून आश्रयगृहे होती, आणि त्याच राजवटीकडून चालत आलेली 'प्रोव्हेदोरिया', अर्थात सार्वजनिक साहाय्य संस्था, आजही राज्यात ठिकठिकाणी वृद्धाश्रम चालविते. या परंपरेचे मोल मोठे आहे. परंतु तिच्यामुळे एक समजही लोकांच्या मनात पक्का बसला : ज्याला कोणी नाही, तो तेथे जातो. मुले असताना आई आश्रमात गेली, तर गाव मुलांना नावे ठेवते आणि आईला स्वतःची लाज वाटते.

या लाजेपोटी एक अनिष्ट प्रथा पडली आहे. 'चार दिवस हवापालटास जाऊ', 'डॉक्टरांनी तपासणीसाठी ठेवावयास सांगितले आहे', अशा बतावण्या करून वृद्धांना आश्रमात नेले जाते. फसवून नेलेली व्यक्ती तेथे कधीच रुळत नाही. ती दाराकडे पाहत दिवस काढते, जेवण टाकते आणि आश्रम कितीही चांगला असला तरी तिला तो तुरुंगच वाटतो. त्यापेक्षा स्पष्ट बोलणे, त्यातून रडारड झाली तरी, अधिक हिताचे ठरते.

घरात राहणे म्हणजे आपोआप सुखात राहणे, हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. गोव्यातील वृद्ध व त्यांचे मानसिक आरोग्य या विषयावर विक्रम पटेल व मार्टिन प्रिन्स यांचा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. कुटुंबाकडून होणारी देखभाल आपण मानतो तितकी भरवशाची नाही, आणि कित्येकदा ती घरजमीन वारशाने मिळण्याच्या अपेक्षेवर अवलंबून असते, असे त्यात आढळले. वृद्धांच्या मनात परावलंबी होण्याची भीती मोठी होती. विसराळूपणा हा म्हातारपणाचा भागच होय, किंवा मुलांनी माया न केल्याने तो जडतो, अशीही समजूत लोकांत दिसून आली. आश्रमाची निंदा करणाऱ्यांनी आणि घराचे गोडवे गाणाऱ्यांनी, दोघांनीही हे निष्कर्ष लक्षात घ्यावेत.

आश्रमाची आवश्यकता आहे काय?

निवडीपूर्वी एक प्रश्न प्रामाणिकपणे सोडविला पाहिजे. संबंधित व्यक्तीला नेमके कोणते साहाय्य हवे आहे? 'आता तिला होत नाही' हे उत्तर पुरेसे नाही. सिडनी कॅट्झ या अमेरिकन वैद्यकतज्ज्ञाने १९६३ साली यासाठी एक साधी मोजपट्टी सुचविली, ती आजही जगभर वापरली जाते. अंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीवर बसणे, मलमूत्रावर ताबा आणि जेवण या सहा गोष्टी व्यक्ती स्वतः करू शकते की नाही, एवढेच त्यात पाहावयाचे असते. आठ दिवस घरी राहून हे टिपून ठेवल्यास चित्र स्पष्ट होते. सहाही गोष्टी जिला स्वतः करता येतात, पण जी बाजारहाट, स्वयंपाक, औषधांच्या वेळा आणि वीजबिल यांत गोंधळते, तिला कदाचित आश्रमाची नव्हे, तर दिवसभर घरी येणाऱ्या एका विश्वासू बाईची आवश्यकता असते. अंघोळ आणि शौच या दोन गोष्टींसाठी माणूस लागू लागला, म्हणजे मात्र प्रश्नाचे स्वरूप बदलते.

दुसरी गोष्ट वैद्यकीय तपासणीची. वार्धक्य म्हणून सोडून दिलेले कित्येक दोष बरे होण्यासारखे असतात. मोतीबिंदूमुळे अडखळणारा, कान गेल्याने उत्तर न देणारा, पतिनिधनानंतर खिन्नतेने ग्रासलेला, थायरॉइडच्या वा ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने मंदावलेला वृद्ध आणि खरा स्मृतिभ्रंश झालेला वृद्ध, हे वरवर पाहता सारखेच दिसू शकतात. विशेषतः दोन-चार दिवसांत एकाएकी सुरू झालेली बडबड किंवा भ्रम हा स्मृतिभ्रंश क्वचितच असतो. लघवीचा जंतुसंसर्ग, शरीरात पाणी वा क्षार कमी पडणे, नवीन सुरू केलेले औषध, अशी कारणे त्यामागे बहुधा निघतात. चार डॉक्टरांनी वेगवेगळ्या वेळी लिहून दिलेली औषधे एकाच पिशवीत भरून एका डॉक्टरांसमोर ठेवावी. त्यांपैकी दोन-तीन बंद झाल्यावर उठून चालू लागलेली माणसे डॉक्टरांच्या पाहण्यात असतात. ही तपासणी होण्यापूर्वी आश्रमाचा अर्ज भरू नये.

स्मृतिभ्रंशाचे निदान पक्के झाले तरी घरीच सेवा करणे काही मर्यादेपर्यंत शक्य असते, असा गोव्याचाच अनुभव आहे. अमित डायस व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असलेल्या ८१ कुटुंबांसह केलेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. थोडे प्रशिक्षण दिलेले स्थानिक सल्लागार सहा महिने या घरी नियमितपणे जात. आजार म्हणजे काय, रुग्ण चिडला असता काय करावे, सेवा करणाऱ्याने स्वतः केव्हा विसावा घ्यावा, एवढेच ते समजावून सांगत आणि गरज पडल्यास डॉक्टरांशी गाठ घालून देत. ज्या घरांना हे साहाय्य मिळाले तेथील सेवा करणाऱ्यांचा मानसिक त्रास इतरांपेक्षा कमी झाला. सेवा करणारी व्यक्ती बहुधा सून किंवा पत्नी असते, आणि ती खचली की घर खचते. तिचे म्हणणेही या निर्णयात ऐकून घेतले पाहिजे, ही गोष्ट आपल्या पुरुषप्रधान घरांत सहसा विसरली जाते.

विचारावे कोणाला?

जिला जावयाचे आहे तिला. कायद्याच्या दृष्टीनेही सज्ञान व शुद्धीवर असलेल्या व्यक्तीला तिच्या इच्छेविरुद्ध कोठेही ठेवता येत नाही, मग ती नव्वद वर्षांची का असेना. विचारण्याची रीतही महत्त्वाची आहे. 'आई, तुला आम्ही अमुक ठिकाणी ठेवतो' आणि 'आई, तू एकटी पडतेस याची आम्हांला चिंता वाटते, दोन-तीन ठिकाणे पाहून येऊ, तुला पटेल ते सांग' यांत फार अंतर आहे. पहिल्या वाक्यात आई ही वस्तू होते. ती नको म्हणाली तर विषय तेथेच सोडून द्यावा आणि महिन्याभराने पुन्हा काढावा.

तिच्या उत्तरातून निवडीच्या खऱ्या कसोट्या हाती लागतात. एखाद्या वृद्धेला गावच्या देवळाच्या घंटेचा आवाज ऐकू यावा असे वाटते. दुसऱ्या कोणाला मासे सुटणार या कल्पनेनेच जेवण नकोसे होते. सकाळी दहाच्या सुमारास पेज पिण्याची आयुष्यभराची सवय असणाऱ्या माणसाला ब्रेड व चहा यांवर दुपारपर्यंत ठेवणे ही क्षुल्लक बाब नव्हे. शाकाहारी कुटुंबातील व्यक्तीला स्वयंपाकघर वेगळे असावेसे वाटत असेल, तर त्या इच्छेचाही मान राखावा. देवपूजा, जपमाळ, वर्तमानपत्र, भजन, दुपारची वामकुक्षी, यांची एक यादी करावी. आश्रम पाहताना ती यादी कामास येते.

भाषेचा प्रश्नही येथेच येतो, आणि महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी त्याकडे अधिक लक्ष दिले पाहिजे. मुलगा हैदराबादेस किंवा बंगळूरला स्थायिक असल्यास आपल्याजवळचा आश्रम त्याला सोयीचा वाटतो, भेटीस जाणे सुलभ होते, हेही खरे. परंतु स्मृतिभ्रंश वाढू लागला म्हणजे मागाहून शिकलेली भाषा बहुधा आधी निसटते आणि माणूस बालपणाच्या बोलीकडे परततो. नोकरीच्या काळात उत्तम इंग्रजी बोलणारे गृहस्थ पाणी मागतात ते मराठीत किंवा कोकणीत. ते समजणारा एकही परिचारक जवळ नसेल, तर त्यांची तहान 'त्रास देणे' या सदरात जमा होते. गोव्यातील आश्रमांतही परप्रांतांतून आलेले कर्मचारी मोठ्या संख्येने असतात. ते मनापासून सेवा करतात यात शंका नाही, पण प्रत्येक पाळीला एक तरी स्थानिक भाषा जाणणारे माणूस आहे काय, हे विचारून घ्यावे.

आश्रमांचे प्रकार

शासकीय व शासनाच्या अनुदानावर चालणारे आश्रम प्रामुख्याने निराधार व अल्प उत्पन्नाच्या वृद्धांसाठी असतात. केंद्र शासनाच्या २०२१ पासूनच्या अटल वयो अभ्युदय योजनेखाली स्वयंसेवी संस्थांनाही अशा गृहांसाठी अनुदान मिळते. धार्मिक व सेवाभावी संस्थांचे आश्रम नाममात्र किंवा मध्यम शुल्क घेतात; तेथे जागेसाठी प्रतीक्षा करावी लागते. तिसरा प्रकार सशुल्क निवासांचा. त्यांत स्वतंत्र खोली किंवा सदनिका मिळते. अशा निवासांसाठी केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ साली आदर्श मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आहेत; सदनिका घेण्यापूर्वी ती वाचून पाहणे इष्ट.

चौथा प्रकार रुग्णशुश्रूषेचा, आणि येथेच गल्लत होते. वृद्धाश्रम म्हणजे इस्पितळ नव्हे. बहुसंख्य आश्रम चालत्या-फिरत्या, स्वतःचे स्वतः करणाऱ्या व्यक्तींनाच प्रवेश देतात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी शुश्रूषागृह हवे असते, आणि कर्करोगाच्या अंतिम अवस्थेतील रुग्णासाठी लोटली येथील शांती आवेदना सदनासारखी वेगळी संस्था. एकीच्या दाराशी दुसरीची अपेक्षा घेऊन गेल्यास पदरी निराशा येते.

पाहणी

आश्रमास किमान दोन वेळा भेट द्यावी. पहिली भेट वेळ ठरवून, व्यवस्थापकांना भेटण्यासाठी. दुसरी न कळविता, शक्यतो संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास किंवा रविवारी, म्हणजे कर्मचारी कमी असतानाची स्थिती दिसते. एखादा आश्रम भेटीच्या ठरावीक वेळेबाहेर नातलगांना आत घेतच नसेल, तर त्याचे कारण विचारावे. रुग्णांच्या विश्रांतीची वेळ हे कारण समजण्यासारखे आहे. 'आमचा नियम आहे' हे कारण नव्हे.

आत शिरताच प्रथम वास येतो. फिनेलचा उग्र दर्प आणि त्याखालून येणारा लघवीचा वास यांचा अर्थ, कपडे वेळेवर बदलले जात नाहीत आणि पाहुणे येणार म्हणून फरशी धुतली, इतका सरळ असतो. संगमरवरी फरशी, बाग, देव्हारा, दात्यांच्या नावांच्या पाट्या यांकडे पाहुण्यांचे डोळे जातात, पण वृद्धांचा बहुतेक काळ पलंग, खुर्ची आणि न्हाणीघर यांतच जातो. यास्तव न्हाणीघर अवश्य पाहावे. कमोडशेजारी भिंतीत पक्का बसविलेला दांडा आहे काय? उंबरठा किती उंच आहे? आपल्याकडे जून ते सप्टेंबर फरशी घामेजलेली असते. तेथे पायपुसणी कोरडी असतात काय? पलंगापासून शौचालयापर्यंत रात्री दिवा राहतो काय? रात्री लघवीसाठी उठताना होणारे पडणे हे या वयातील मोठे संकट आहे, आणि एका लहानशा दिव्याने त्यातील बरेचसे टळते.

तेथे राहणाऱ्यांकडे पाहावे. सकाळी दहा वाजता सारे पलंगावर पडून छताकडे पाहत असतील, तर त्यांना करण्यासारखे काही नाही, किंवा त्यांना गुंगीची औषधे दिली जातात. कोणी कपाटाला टेकून भांडत असेल, कोणी भाजी निवडत असेल, कोणी दूरदर्शनच्या आवाजाबद्दल तक्रार करीत असेल, तर ते चांगले चिन्ह मानावे. नखे कापलेली आहेत की नाहीत, चष्म्याच्या काचा स्वच्छ आहेत की नाहीत, दातांची कवळी तोंडात आहे की पेल्यात, या बाबी पाच मिनिटांत दिसतात आणि माहितीपत्रकापेक्षा खरे सांगतात. कर्मचारी वृद्धांना कोणत्या नावाने हाक मारतात हेही ऐकावे. आयुष्यभर शिक्षक म्हणून मान मिळविलेल्या गृहस्थांना 'ए बाबा' म्हणून हाक मारली जात असेल, तर खोलीचे भाडे कमी असूनही तो आश्रम महाग पडतो.

रात्रीविषयी स्वतंत्रपणे विचारावे. रात्री किती रहिवाशांमागे किती परिचारक जागे असतात? बोलावण्यासाठी घंटी पलंगापासून हाताच्या अंतरावर आहे काय? जवळचे इस्पितळ किती अंतरावर आहे आणि रात्री दोन वाजता तेथे नेणार कोण? रात्रीचे जेवण सायंकाळी सहाला आणि नाश्ता सकाळी आठला असेल, तर चौदा तासांचा उपास घडतो. मधुमेही वृद्धास तो धोक्याचा असतो. औषधांची नोंदवही दाखविण्यास सांगावी. दिलेल्या प्रत्येक मात्रेपुढे वेळ व सही नसेल, तर औषध दिले गेले की नाही हे कोणासच ठाऊक नसते.

अंथरुणाला खिळल्यावर काय?

हा एकच प्रश्न विचारावयाचा झाला तर हाच विचारावा, आणि तोच बहुधा विचारला जात नाही. प्रवेशाच्या दिवशी आई चालत असते. तीन वर्षांनी तिला पक्षाघात होतो किंवा स्मृतिभ्रंश बळावतो आणि आश्रमाकडून दूरध्वनी येतो, 'आमच्याकडे अशा रुग्णांची सोय नाही, आठ दिवसांत घेऊन जावे.' परदेशी असलेल्या मुलाला त्या आठ दिवसांत दुसरी जागा शोधावी लागते, आणि घरापासून एकदा तुटलेली व्यक्ती पुन्हा एकदा, ती सर्वांत दुबळी असताना, परक्या ठिकाणी जाते. आश्रमाच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. शुश्रूषेस लागणारी माणसे व साधने त्याच्याजवळ नसतील, तर नकार देणे हे प्रामाणिकपणाचेच होय. दोष असतो तो आधी न सांगण्याचा आणि आधी न विचारण्याचा.

म्हणून स्पष्ट विचारावे : चालणे बंद झाल्यावर ही व्यक्ती येथे राहू शकेल काय? राहिल्यास वेगळा परिचारक ठेवावा लागेल काय व त्याचा खर्च कोणी द्यावयाचा? इस्पितळात दाखल केल्यास तेथे रात्री उशाशी कोण बसेल? सध्या अंथरुणास खिळलेले किती जण आहेत, ते पाहता येतील काय? अशा रुग्णाला साधारणपणे दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. न वळविल्यास माकडहाड, कंबर व टाचा येथे कातडी मरून व्रण पडतात आणि ते हाडापर्यंत जातात. कुशीवर वळविल्याची नोंद ठेवणारा आश्रम शुश्रूषेबाबत गंभीर आहे असे समजावे. भटकणाऱ्या रुग्णाला खुर्चीस बांधून ठेवतात काय, हेही विचारण्यास संकोचू नये.

अंतकाळाविषयी बोलणे अशुभ मानले जाते. तरीही कृत्रिम श्वासयंत्रावर ठेवावे की नाही याविषयी त्या व्यक्तीची इच्छा, मृत्यूनंतर कळवावयाचे कोणास, परदेशातून मुलगा येईपर्यंत पार्थिव कोठे ठेवावयाचे, अंत्यविधी गावी करावयाचा की जवळच्या स्मशानभूमीत, ही माहिती प्रवेशाच्या वेळीच लिहून दिल्यास नंतरची ओढाताण टळते. आश्चर्य असे की, मुलांना बोलण्यास जड जाणारा हा विषय वृद्ध मंडळी स्वतः सहजतेने बोलतात.

पैसा, घर आणि सही

मासिक शुल्काखेरीज अनामत रक्कम किती, ती परत केव्हा मिळते, शुल्क दरवर्षी कितीने वाढते, डायपर, औषधे, रुग्णवाहिका, डॉक्टरांची भेट यांपैकी शुल्कात काय येते, हे सारे लेखी करारात असावे. पहिला महिना तात्पुरता मानावा आणि त्या काळात परत आल्यास अनामत कापली जाऊ नये, अशी अट घालून पाहावी. चांगल्या संस्था ती मान्य करतात. देणगीच्या नावाखाली घर किंवा जमीन लिहून मागणाऱ्या संस्थेपासून दूर राहावे. बँकेचे कार्ड व त्याचा गुप्त क्रमांक व्यवस्थापकांच्या स्वाधीन करणे हाही तसाच अविचार होय.

घरच्यांकडूनही सहीसाठी दडपण येते. आश्रमाचा खर्च आम्ही करतो, तेव्हा घर आताच नावावर करून दे, असा व्यवहार कित्येक घरांत कुजबुजत होतो. गोव्यात या बाबतीत वृद्धांच्या बाजूने भक्कम तरतुदी आहेत. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर सर्वसाधारणपणे पतिपत्नींची मालमत्ता सामाईक असते; म्हणजे घर पतीच्या नावे दिसत असले तरी निम्मा वाटा पत्नीचा स्वतःचा असतो, आणि पतीच्या निधनानंतरही तो तिचाच राहतो. विधवा आई मुलाच्या घरात राहत नसते, ती स्वतःच्या घरात राहत असते, ही जाणीव तिला स्वतःलाही पुष्कळदा नसते. २०१२ च्या गोवा वारसा कायद्यानुसार मालमत्तेचा निम्मा हिस्सा मुलांसाठी राखीव असतो, त्यामुळे घाईने लिहून न दिल्याने मुले काही सर्वस्वी वंचित होत नाहीत. बक्षीसपत्र करावयाचेच असेल तर हयातीपर्यंत घरात राहण्याचा व उत्पन्न घेण्याचा हक्क स्वतःकडे राखून ठेवावा.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण यासंबंधीचा २००७ चा कायदा देशभर लागू आहे. त्याच्या २३ व्या कलमानुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि नंतर सांभाळ केला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. येथे एक खाच आहे. अशी अट होती हे दाखवावे लागते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये दिला. पुढे जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील एका मातेच्या प्रकरणात, मुलाने वेगळे वचनपत्र लिहून दिलेले असताना, त्याच न्यायालयाने कायद्याचा उदार अर्थ लावून तिचे बक्षीसपत्र रद्द केले. दोन्हींचा बोध एवढाच की 'मुलगा सांभाळील' हे शब्द दस्तऐवजात लिहिलेले असावेत. मनातील विश्वास नोंदणी कार्यालयात वाचता येत नाही.

याच कायद्यान्वये निर्वाहखर्चासाठी उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. नोटीस बजावल्यापासून साधारणतः नव्वद दिवसांत निकाल द्यावयाचा असतो, आणि राज्याने ठरविलेल्या मर्यादेत, पण महिना १०,००० रुपयांहून अधिक नाही, एवढी रक्कम मंजूर होऊ शकते. मूलबाळ नसलेल्या वृद्धाच्या बाबतीत, ज्याला त्याची मालमत्ता मिळावयाची आहे अशा पुतण्या-भाच्यांवरही हे दायित्व येते. वृद्धाला कोठेतरी सोडून त्याचा त्याग करणे हा २४ व्या कलमाखाली तीन महिन्यांपर्यंत कारावासाचा किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंडाचा, अथवा दोन्हींचा अपराध आहे. आश्रमाच्या दारात पोचवून दूरध्वनी क्रमांक बदलणारे नातलगही त्याच्या कक्षेत येऊ शकतात.

कागदपत्रांपैकी आधार, बँकेचे पुस्तक व पेन्शनचे कागद यांच्या मूळ प्रती घरच्या एका जबाबदार व्यक्तीकडे आणि छायाप्रती आश्रमात असाव्यात. पेन्शनधारकाचा हयातीचा दाखला दरवर्षी कोण देणार हे ठरवून ठेवावे. २०१४ पासून तो डिजिटल पद्धतीनेही देता येतो. सत्तर वर्षांवरील सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या इस्पितळ उपचारांचे संरक्षण मिळाले आहे. त्याचे कार्ड प्रवेशापूर्वीच काढून घ्यावे, कारण अंथरुणावरील रुग्णाच्या बोटांचे ठसे नंतर घेणे कठीण जाते.

प्रवेशानंतर

पहिले सहा-आठ आठवडे अवघड असतात. या काळात 'रुळेपर्यंत भेटू नका' असा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. दर दोन-तीन दिवसांनी थोडा वेळ भेटणे बरे. घरची उशी, पितळेचा तांब्या, देवांची तसबीर, मापाची जुनी चप्पल बरोबर द्यावी. घरातील तिची खोली निदान सहा महिने मोडू नये व कोणास देऊ नये. शक्य असल्यास चतुर्थीला, जत्रेला, नातवाच्या मुंजीला तिला घरी आणावे, आणि परत जाण्याचा दिवस आधीच सांगावा.

परदेशी असलेल्या मुलांनी दृक्‌श्राव्य दूरध्वनीवर समाधान मानू नये. पडद्यावर चेहरा दिसतो, टाचा दिसत नाहीत. गावातील किंवा नात्यातील एका व्यक्तीस महिन्यातून दोनदा प्रत्यक्ष जाऊन येण्याचे काम सोपवावे, आणि तिने प्रत्येक वेळी वजनाची नोंद पाहावी. तीन महिन्यांत चार-पाच किलो वजन घटले असेल तर कवळी सैल झाली आहे, जेवण रुचत नाही, कोणी भरवीत नाही, किंवा आजार जडला आहे. कारण शोधलेच पाहिजे.

तक्रार असल्यास प्रथम व्यवस्थापकांशी, लेखी व सौम्य भाषेत बोलावे. एकाच परिचारकावर बावीस वृद्धांचा भार असतो तेव्हा दोष त्याचा एकट्याचा नसतो. तेवढ्याने भागले नाही तर समाज कल्याण खाते आणि उपविभागीय अधिकारी यांच्याकडे जाता येते. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे, आणि तिचा उपयोग आश्रमात राहणारी व्यक्ती स्वतःही करू शकते. हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून तिच्या पर्समध्ये किंवा देवांच्या तसबिरीमागे ठेवावा. आश्रम बदलण्याची वेळ आलीच, तर औषधांच्या नोंदवहीची प्रत आणि मागील तीन महिन्यांच्या वजनाच्या नोंदी मागून घेऊनच बाहेर पडावे. नव्या ठिकाणच्या डॉक्टरांना त्यांचा लगेच उपयोग होतो.